कापसाला विटाळ नसतो

मूर्तिजापूर स्टेशन, जानेवारी १९२०. मोठ्या लाइनीवरची गाडी मुंबईकडे निघून गेली आहे. तुम्ही स्टेशनाच्या मागच्या अंगाला या, जिथून अडीच फुटी रूळ यवतमाळकडे निघतात. जिला तुम्ही शकुंतला म्हणून ओळखता, तीच ही गाडी. मालक किलिक-निक्सन ही इंग्रज कंपनी. या मुलखातला कापूस मुंबईच्या वाटेला लावावा म्हणून ही लाइन टाकली आहे, आणि उरलेल्या जागेत माणसं बसतात. तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढा आणि चढा.

डब्यात लाकडी बाकं आहेत. एका बाकावर धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला कुणबी म्हातारा, समोर मारवाडी मुनीम, खिडकीशी दंडापर्यंत पांढरा चुडा भरलेली बंजारा बाई. दारापाशी एक माणूस खाली फळ्यांवर बसला आहे. त्याच्या मांडीला टेकवलेल्या काठीला घुंगरं बांधलेली आहेत, गाडी हलली की ती वाजतात. बाकावर दोन माणसांची जागा मोकळी आहे. तिकीट त्याच्याकडेही तेच आहे, तिसऱ्या वर्गाचं.

त्याने खाली बसावं असं रेल्वेच्या कोणत्याही नियमात नाही. अमेरिकेत मात्र याच दिवसांत तसा कायदा आहे. लुइझियाना राज्याने १८९० साली गोऱ्यांचा डबा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा असं कायद्यात लिहून टाकलं. होमर प्लेसी नावाचा माणूस १८९२ मध्ये मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला, पकडला गेला, आणि १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची बाजू घेतली. निदान तिथे बोट ठेवायला एक कलम होतं, ज्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येत होतं. या डब्यात बोट कशावर ठेवाल? तुम्ही सरकून म्हणा, "दादा, वर बसा." तो दचकून आधी कुणबी म्हाताऱ्याकडे बघेल, मग तुमच्याकडे, आणि हात जोडून म्हणेल, "बरा हाय मी इथंच, सायेब." मुनीम बाहेर बघतो आहे. कोणी रागावलेलं नाही, कोणाला काही वावगंही वाटलेलं नाही. सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं, ते तुमच्या बोलण्याने.

बोलतं केलंत तर कळेल, तो दारव्ह्याजवळच्या एका गावचा महार आहे. पाटलाच्या घरी मयत झाली. मूर्तिजापूरच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवायला तो आला होता. भाडं पाटलाने दिलं. दोन दिवसांच्या मजुरीचं काय, हा प्रश्न निघतच नाही. सांगावा नेणं हे त्याचं काम, मेलेलं ढोर ओढणं हे त्याचं काम, साहेबाचं सामान पुढच्या गावापर्यंत पोचवणं हेही त्याचं काम. बदल्यात खळ्यावरचं धान्य आणि दारोदारची भाकर. सव्वा वर्षापूर्वी, १९१८ च्या पावसाळ्यानंतर, मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझा, आला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हिंदुस्थानातल्या इतर भागांपेक्षा जास्त माणसं त्या साथीत मेली. त्या महिन्यांत तो किती गावांना धावला ते त्याला सांगता येत नाही. त्याची धाकटी मुलगी गेली, तेव्हा तो दुसऱ्याच्या मयतीचा निरोप घेऊन दिग्रसच्या वाटेवर होता.

कारंजा येतं. इथला कापूस बाजार १८८६ पासून सरकारी हुकमाने बांधलेला आहे, देशातला तसा पहिला. गाडी रेंगाळते, गाठी चढतात, पुढे निघते. दारव्हा मोतीबागला त्याच्याबरोबर उतरा. अडाण नदीच्या अंगाने चालत गाव गाठायला दुपार टळेल.

वेशीपाशी ओट्यावर बसलेला एक जण विचारतो, "कोन्या गावचे, भाऊ?" तुम्ही गाव सांगता. "कोन लोक तुमी?" तुम्ही नाव सांगता. तो अजून थांबला आहे. त्याला नाव नको आहे. तुम्हाला ओसरीवर बसवायचं की अंगणात, लोटा हातात द्यायचा की ओंजळीत वरून पाणी सोडायचं, हे त्याला ठरवायचं आहे. त्याच्या डोळ्यांत द्वेष नाही. मला या सगळ्यात सर्वांत भयंकर वाटतं ते हेच. द्वेष शमतो कधीतरी, त्याची लाज वाटू शकते. या माणसाला वाटतं की तो तुमच्याशी रीतीने वागतो आहे. मग त्याची नजर घुंगुरकाठीवर जाते. तुम्ही कोणाबरोबर आलात एवढं कळलं, आणि त्याचा प्रश्न सुटला. तुम्ही गावाच्या पूर्वेला, महारवाड्याकडे निघा.

दुसऱ्या दिवशी पहाटे वावरात जा. पऱ्हाटी कमरेएवढी आहे, बोंडं फुटून लोंबताहेत. जमीन काळी, भेगाळलेली. ही सगळी पांढराई मुळात अमेरिकेतल्या युद्धाने वाढवली. १८६१ ते ६५ या काळात तिथली उत्तर आणि दक्षिण एकमेकांवर उठली, गुलामांच्या हातून वेचलेला कापूस लँकेशायरला पोचेना, आणि गिरणीवाल्यांचं लक्ष वऱ्हाडाकडे वळलं. भाव चढले. ज्वारीच्या वावरांत कापूस आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तिकडे गुलामगिरी कायद्याने संपली, आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना मोकळं करण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून त्यांना जे नातं दिसलं, त्याचं पीक तुमच्या समोर उभं आहे.

वेचायला बायका आल्या आहेत. कुणब्यांच्या, महारांच्या, मांगांच्या, दोघी-तिघी गोंडांच्या. लुगड्याची ओटी पोटाशी बांधलेली, दोन्ही हात एकाच वेळी चालतात. तुम्ही वेचून बघा. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या मुळाशी घुसतात. तासाभरात बोटं रक्ताळतात, आणि त्या हसतात तुम्हाला. "हळू, बाप्पा. बोंडाशी भांडू नका," एक म्हातारी म्हणते. ओट्या भरल्या की सगळ्या एकाच ढिगावर रित्या होतात. त्या ढिगात कुठला कापूस कोणत्या हाताचा, हे देवालाही सांगता येणार नाही. कोणी त्यावर पाणी शिंपडत नाही. पुढे त्याची वात होईल, देव्हाऱ्यात जळेल. जानवं होईल, सोवळ्याचं धोतर होईल, बाळंतिणीच्या कानात बोळा होईल. कापसाला विटाळ नसतो. मग भाकरी सोडायची वेळ होते आणि बायका निंबाच्या दोन वेगवेगळ्या झाडांखाली बसतात. पाण्याची मडकी दोन आहेत. त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

रात्री बंड्या जुंपतात. यवतमाळचा बाजार सकाळी गाठायचा म्हणजे रात्रभर चालायचं. कापसावर आडवे व्हा, वर कांबळं ओढा.

सकाळी शहर दिसतं. शहर म्हणजे काय, १९०१ च्या खानेसुमारीत वस्ती दहा हजारांच्या थोडी वर. पण जिल्ह्याचं ठिकाण आहे. १९०५ पर्यंत या जिल्ह्याला वणीचं नाव होतं, आता यवतमाळचं आहे. उंचावरचं, हवा कोरडी, साहेबांचे बंगले, कचेरी, कोर्ट, आणि सरकी-कापसाचा वास. बाजारात बंड्यांची रांग लागते. हर्रास सुरू होतो. अडत्या आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, आणि ज्याचा कापूस तो कास्तकार शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत असतो. रुमालाखालचा भावही इथला नसतो. तो मुंबईच्या तारेने येतो, मुंबईला लिव्हरपूलच्या तारेने. आखूड धाग्याचा हा माल आता सगळ्यांत जास्त जपान घेतो. कास्तकाराला ‘कोबे’ हे बंदर आहे की माणूस हे ठाऊक नाही, पण त्याच्या पोरीचं लग्न यंदा होणार की नाही ते तिथे ठरतं.

गावच्या ओसरीवर ज्याच्यासमोर महाराने जोहार घालावा, तो पाटील इथे मुनिमासमोर टोपी काढून उभा आहे, हे नीट बघून घ्या. मुनीम त्याला ‘ए देहाती’ म्हणून हाक मारतो. कागदावर काय लिहिलं ते त्याला वाचून दाखवत नाही. शहराची खेड्यावरची सत्ता अशी: लिखाणाची, वजनाची, तारेची. पाटलाचा अपमान खरा आहे. गावी परतल्यावर तो कोणावर उतरेल, तेही तुम्हाला आता माहीत आहे.

जिनाच्या फाटकातून आत शिरा. आत धुकं भरल्यासारखी रुई उडते आहे. रेच्यांच्या दोन्ही बाजूंना बायका बसून कापूस लावताहेत, नाकातोंडावर पदर घट्ट. कानठळ्या बसतात. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, आणि इथे कोण कोणाच्या कानाशी तोंड नेतं आहे याचा हिशेब गावच्यासारखा राहिलेला नाही. घुंगुरकाठीवाल्याचा मुलगा प्रेसवर गाठी बांधायला आहे. शाळेत बाहेरच्या ओसरीवर बसून चौथीपर्यंत शिकला. हप्त्याला रोख पैसे मिळतात. ते पैसे मोजून हातात ठेवतात, वरून टाकत नाहीत, हे तो तुम्हाला दोनदा सांगेल. वऱ्हाड-नागपूरच्या दलित समाजात पुढे जे कर्ते लोक उभे राहिले, त्यांच्यामागे जिन, प्रेस, गिरणी आणि रेल्वेची ही रोख मजुरी आहे. जातीचं धान्य नाकारायला आधी खिशात स्वतःचे पैसे लागतात.

पण यंत्रालाही गाव शिवतं. या गाठी मुंबईला पोचतील, त्यांचं सूत होईल, आणि सुतापासून कापड विणायच्या खात्यात मात्र अस्पृश्य माणसाला घेणार नाहीत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, उष्टं होतं, हे कारण. कताई खात्यात चालेल. विणाई खात्यात नाही, जिथे मजुरी जास्त आहे. ज्या हातांनी बोंड सोडवलं ते कापडापर्यंत पोचायच्या आत अडवले जातात. आणि जिनाच्या बाहेर चहाच्या टपरीवर त्या मुलाची कपबशी वेगळी, खांबाला टांगलेली आहे. तो स्वतःच ती काढतो, पितो, धुतो, टांगतो.

बाजाराच्या कडेला एक कोलाम बांबूच्या टोपल्या घेऊन बसला आहे. कापसाच्या गर्दीत त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याचं पोड, म्हणजे पाडा, केळापूरकडच्या डोंगरात. त्याची कोलामी इथे कोणाला येत नाही, मोडकं मराठी तो दोन-चार शब्दांपुरतं बोलतो. जंगल राखीव झाल्यापासून बांबू तोडायचा म्हणजे नाकेदाराची मर्जी. त्याला गावाची वेस लागत नाही, कारण तो वेशीच्याही पलीकडचा. दहा वर्षांनी, १९३० मध्ये, याच शहरातले वकील माधव श्रीहरी अणे पुसदला जंगलचा कायदा मोडून तुरुंगात जातील आणि यवतमाळचं नाव देशभर होईल. तो सत्याग्रह मोठाच. पण जंगलच्या कायद्याखाली रोज जगणारा हा माणूस त्याआधी कितीतरी वर्षं इथे बसून होता, आणि त्याच्या टोपलीची किंमत पाडून मागितली जात होती.

यवतमाळात अमेरिकन माणसंही भेटतील. फ्री मेथडिस्ट चर्चचं मिशन या जिल्ह्यात आहे. ते चर्च १८६० साली न्यूयॉर्क राज्यात निघालं. गुलामगिरीला त्याचा विरोध होता, आणि देवळातल्या बाकांसाठी पैसे घेऊ नयेत, गरिबाने पुढे बसावं, हा त्यांचा आग्रह. बाकावर कोण बसणार हा प्रश्न त्यांनी आपल्या देशात आधी सोडवायला घेतला होता. इथे येऊन तोच त्यांच्या पुढ्यात आला.

आणि त्यांच्या देशात काय चाललं होतं? आधीच्याच उन्हाळ्यात, २७ जुलै १९१९ ला, शिकागोच्या सरोवरात एक सतरा वर्षांचा काळा मुलगा तराफ्यावर तरंगत होता. पाण्यात दोरी नव्हती, पाटी नव्हती. पण इथवर काळ्यांचं पाणी आणि तिथून गोऱ्यांचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तराफा वाहत पलीकडे गेला. काठावरून एका गोऱ्याने दगड मारले, मुलगा बुडाला, आणि समोर उभ्या पोलिसाने त्याला पकडलं नाही. दंगल उसळली. ३८ माणसं मेली, त्यांतली २३ काळी. शिकागोत काळी माणसं आली होती ती दक्षिणेच्या कापसाच्या शेतांतून, बोंडं खाणाऱ्या भुंग्याला, सावकारी हिशेबांना आणि झाडाला टांगणाऱ्या जमावांना कंटाळून. त्यांना वाटलं होतं, शहरात रेषा नसेल.

जे मागे राहिले त्यांची पाळी सप्टेंबरच्या शेवटी आली. आर्कान्सा राज्यात एलेन गावाजवळ बटईने कापूस करणारे काळे शेतकरी रात्री चर्चमध्ये जमले. मालकाने आमच्या कापसाचा हिशेब दाखवावा आणि रास्त भाव द्यावा, एवढी त्यांची मागणी. तिथे गोळीबार झाला, मग गोऱ्यांच्या टोळ्या आल्या, सैन्य आलं. किती काळी माणसं मारली गेली त्याचा आकडा कधीच ठरला नाही. अंदाज शेकड्यांत जातात. यवतमाळच्या हर्रासात तुम्ही जो रुमाल पाहिलात, त्याखालचं बोट बघायला मागणं हा तिथे मृत्युदंडाचा गुन्हा ठरला. इथे अजून कोणी तसं मागितलेलं नाही.

आता चार महिने पुढे या. मे १९२०, वैशाखाची काहिली. वेचणी कधीच संपली, जिन बंद पडले, गाठीवाला मुलगा गावी परतला आहे. अडाणेचं पात्र पांढरं पडलं. महारवाड्याच्या बायका वाळूत झिरे खोदतात, हातभर खोल गेल्यावर गढूळ पाणी पाझरतं, ते वाटीने भरायचं. एक घागर भरायला अर्धी सकाळ जाते. गावच्या विहिरीला मात्र पाणी आहे. तिच्यापासून चार हात लांब, उन्हात, तीन बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या आहेत. कोणी गाववाली आली आणि तिला दया आली, तर ती वरून ओतेल. एक येते, भरते, जाते. दुसरी येते, भरते, जाते.

दोर तिथेच पडला आहे. बादली आहे. तुमच्या हातांत जोर आहे. तुम्ही पुढे होता, आणि त्या तिघींतली सर्वांत म्हातारी, घुंगुरकाठीवाल्याची बायको, तुमचा रस्ता अडवते. "तुमी जासान निंघून," ती म्हणते. "आमाले इथंच राहा लागते."

तिचं म्हणणं खरं आहे. तुम्ही पाणी शेंदलंत तर रात्री महारवाड्यातल्या झोपड्या पेटतील, खळ्यावरचं धान्य बंद होईल. आठ वर्षांनी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होऊन सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करतील. त्याच्या एक वर्ष आधी महाडला डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर जातील, आणि परत येणाऱ्यांची डोकी फोडली जातील. हे तुम्हाला माहीत आहे. तिला सांगून काय होणार? तिला आजच्या घागरीची काळजी आहे.

संध्याकाळी तिच्या अंगणात दहा-बारा माणसं जमतात. मुलाजवळ एक छापील कागद आहे, हातोहात फिरून मऊ पडलेला. मुंबईहून जानेवारीच्या शेवटी निघालेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकाचा अंक. काढणारा अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला आपल्यातलाच माणूस आहे, हे तो सांगतो, आणि जमलेल्यांपैकी एक जण त्याला ते पुन्हा सांगायला लावतो. मग तो वाचतो, अडखळत, बोट ओळीखाली धरून. वाचून झाल्यावर मुख्य बातमी सांगतो. ३० मेपासून नागपूरला बहिष्कृतांची परिषद आहे. अध्यक्ष कोल्हापूरचे शाहू महाराज. आपले प्रतिनिधी कोणी नेमायचे, दुसऱ्यांनी की आपण, याचा तिथे निकाल लागायचा आहे.

"राजा येते? आपल्यात?" म्हातारी विचारते.

"येते. आंबेडकरबी येते."

बाप बराच वेळ गप्प आहे. मग विचारतो, "कसं जाचं?"

मुलाने ते आधीच ठरवलं आहे. मूर्तिजापूरकडून गेलं तर भाडं फार. इथून पायी यवतमाळ, तिथून धामणगाव स्टेशन एकोणतीस मैल, तेही पायी, रात्री चालायचं म्हणजे ऊन लागत नाही. धामणगावहून मोठी लाइन, थेट नागपूर. जिनातल्या मजुरीतले दोन तिकिटांचे पैसे त्याने वेगळे काढून ठेवले आहेत.

"अन् पाटलानं हाक मारली तं?" बाप म्हणतो. "कोनाच्या घरी मयत झाली तं?"

मुलगा आईकडे वळतो. "सांगजो, माय. दोघंबी नागपूरले गेले म्हनून सांगजो."